युवा सल्लागार गट नुसता ‘मम’ म्हणण्यापुरता राहू नये, यासाठी रचना कशी करावी?

नवी_पाटी (मूळ प्रश्न)

सार्वजनिक बससेवा चालवणाऱ्या एका संस्थेसाठी १४ ते २१ वर्षांच्या मुलामुलींचा सल्लागार गट उभा करायचा आहे. व्यवस्थापनाची तत्त्वतः मान्यता आहे, थोडी तरतूदही आहे. कच्चा आराखडा असा:

२० सदस्य. शाळा-महाविद्यालयांना पत्र पाठवून प्रत्येकी एक नाव मागवायचं. मुदत एक वर्ष. दर तीन महिन्यांनी बैठक, मुख्य कार्यालयात, कामाच्या दिवशी दुपारी. वर्षअखेरीस गटाने शिफारशींचा अहवाल द्यायचा आणि तो संचालक मंडळापुढे ठेवायचा.

काळजी अशी की असे गट बऱ्याच ठिकाणी निघतात, पहिल्या बैठकीचा फोटो छापून येतो आणि पुढे गट विरून जातो. मधल्या काळात ना एखादा थांबा हलतो, ना वेळापत्रक बदलतं. हे टाळायचं तर आराखड्यात नेमकं काय बदलावं? निवड, बैठकीची पद्धत, निर्णयांशी जोडणी, या सगळ्याबद्दल वाचायला आवडेल. तत्त्वं थोडी आणि तपशील जास्त, असं लिहिलंत तर फार उपयोग होईल.

---

सभापटल

तुमच्या आराखड्यातली सगळ्यात कच्ची जागा शेवटच्या वाक्यात आहे: वर्षअखेरीस अहवाल. बससेवेचे मोठे निर्णय वर्षातून ठरावीक वेळीच होतात. वेळापत्रकाची फेररचना, भाडेबदल, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक, नव्या गाड्यांची खरेदी. अहवाल त्यांच्यानंतर पोचला तर ते वरातीमागून घोडं. मग अहवाल कितीही चांगला असो, त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: ‘पुढच्या वर्षी विचार करू.’ आणि पुढच्या वर्षी गटात दुसरीच मुलं असतात.

म्हणून एकही सदस्य निवडण्याआधी निर्णयांचं वेळापत्रक करा. नियोजन, वित्त आणि खरेदी विभागांकडून प्रत्येक मोठ्या निर्णयाच्या तीन तारखा मागून घ्या: मसुदा लिहायला कधी घेतात, तो आतल्या समितीपुढे कधी जातो, अंतिम मंजुरी कधी मिळते. गटाची बैठक दुसऱ्या तारखेच्या किमान सहा आठवडे आधी हवी. सहा अशासाठी, की दोन आठवडे कागद वाचून शंका विचारायला लागतात, बैठक आणि लेखी म्हणणं तयार करणं यात आणखी दोन जातात, आणि उरलेले दोन विभागाला मसुदा खरोखर बदलायला हवे असतात. मसुदा एकदा समितीत गेला की तो लिहिणारा माणूस त्याची बाजू लढवायला लागतो. त्याआधी तोच माणूस सूचना ऐकून घ्यायला तयार असतो.

खरेदीत हे सगळ्यात जास्त जाणवतं. गाडीची तांत्रिक मागणी निविदा निघण्याआधी गोठवली जाते. पायऱ्यांची उंची, चाकाच्या खुर्चीची जागा, दप्तर-सामान ठेवायची सोय, पुढच्या थांब्याची घोषणा, हे सगळं त्या कागदात असतं. निविदा निघाल्यावर मुलांना बोलावलं तर विचारण्यासारखं उरतं ते आसनांच्या कापडाचा रंग. मुलांना ते लगेच समजतं, आणि पुढच्या बैठकीला निम्मी येत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे एक पानाचं अधिकारपत्र, संस्थेच्या प्रमुखांच्या सहीचं. त्यात इतकंच लिहा, पण नेमकं लिहा:

– कोणत्या निर्णयांवर गटाचं म्हणणं घेतल्याशिवाय मसुदा समितीपुढे जाणार नाही, त्यांची नावानिशी यादी.
– कोणते विषय गटापुढे येणार नाहीत. कर्मचाऱ्यांचे पगार, शिस्तभंगाची प्रकरणं, अपघातांची चौकशी. हे आधीच सांगितलं तर मुलांचा वेळ वाया जात नाही आणि अपेक्षाभंगही होत नाही.
– गटाच्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर कोण देणार. व्यक्तीचं नाव नको, पदाचं लिहा, कारण बदल्या होतात.
– किती दिवसांत. ३० दिवस पुरेसे आहेत.
– उत्तर आलं नाही तर काय. सूचना आपोआप संचालक मंडळाच्या पुढच्या विषयपत्रिकेवर जाईल, असं लिहून घ्या. या एका ओळीने बाकीच्या ओळींना दात येतात.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या १२व्या कलमाचा (मुलांना स्वतःचं मत मांडायचा हक्क) अर्थ चार शब्दांत मांडला: जागा, आवाज, श्रोता, प्रभाव. तुमच्या आराखड्यात पहिले दोन आहेत. श्रोता म्हणजे ज्याच्या हातात निर्णय आहे तोच माणूस समोर बसलेला असणं. प्रभाव म्हणजे ऐकल्यानंतर काय झालं, हे कळणं. अहवाल टेबलावर ठेवून यातलं एकही साधत नाही.

शक्य असेल तर गटाला नियमावलीतच जागा मिळवून द्या. फिनलंडमध्ये २०१५च्या नगरपालिका कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला युवा परिषद नेमणं आणि तिला काम करता येईल अशी सोय करणं बंधनकारक आहे. कायदा आपल्या हातात नसतो, पण संस्थेची अंतर्गत नियमावली असते. मर्जीवर चालणारा गट वरचा अधिकारी बदलला की बंद पडतो. नियमावलीतला गट बंद करायचा तर कुणाला तरी तसा ठराव मांडावा लागतो.

---

सोडतवाला

निवडीबद्दल लिहितो, कारण इथे झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही.

शाळेकडे एक नाव मागितलं की शिक्षक त्यांचा सगळ्यात चांगला वक्ता पाठवतात. त्यात त्यांची चूक नाही, तुम्हीच तसं मागितलंत. पण परिणामी २० जणांचा गट एकाच साच्याचा होतो: चांगले गुण, घरून पाठिंबा, मोठ्यांपुढे बोलायची सवय. शाळा सुटलेले, कारखान्यात किंवा दुकानात पाळीत काम करणारे, रात्री उशिरा परतणारे, चाकाची खुर्ची वापरणारे, बालगृहात वाढणारे, आणि जिथे बस पोचतच नाही तिथले, यांतलं कुणीच येत नाही. बससेवेला ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त शिकायचं आहे ते हेच लोक आहेत.

२० ऐवजी १६ करा. १६ जणांत चार-चारांचे चार गट पडतात, प्रत्येकाला बोलायला मिळतं, आणि तिघे-चौघे गैरहजर राहिले तरी बैठक चालते. १६पैकी १० जागा सोडतीने आणि ६ जागा शोधून भरा.

सोडत अशी: गाडीत, थांब्यांवर, पासच्या खिडक्यांवर तीन आठवडे सूचना लावा. अर्जात फक्त पाच गोष्टी: नाव, वय, रोजचा मार्ग किंवा राहण्याचा भाग, शिक्षण-काम-दोन्ही नाही यांपैकी काय, आणि प्रवासात काही शारीरिक अडचण आहे का. निबंध नको, शिफारसपत्र नको, गुणपत्रक तर नकोच. ‘तुम्हाला या गटात का यायचंय ते ३०० शब्दांत लिहा’ ही एक ओळ टाकली की लिहायची सवय नसलेले सगळे तिथेच गळतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना रस नव्हता. फोनवर सांगून किंवा आवाज ध्वनिमुद्रित करून अर्ज देता यायला हवा.

मग चिठ्ठ्या. लोकांची इच्छा असते की वय, लिंग, भाग, शिक्षण, उत्पन्न, सगळ्याचं प्रमाण जमावं. १० जागांत ते गणित बसत नाही. फार तर दोन निकष धरा आणि बाकीचं राखीव जागांवर सोडा. बससेवेसाठी वय आणि भाग हे दोन धरावेत. समजा वयाचे तीन गट केले: १४-१५ साठी तीन जागा, १६-१७ साठी तीन, १८-२१ साठी चार, आणि एका भागातून तीनपेक्षा जास्त नाहीत. एकेक चिठ्ठी काढायची. तो वयोगट किंवा भाग भरलेला असेल तर चिठ्ठी बाजूला ठेवून पुढची काढायची. बाजूला ठेवलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. त्याच क्रमाने ती प्रतीक्षायादी होते आणि पहिल्या सहा महिन्यांत तिचा उपयोग होतोच. सोडत सगळ्यांसमोर करा आणि क्रम जागच्या जागी लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

राखीव सहा जागांसाठी पत्र पाठवून भागत नाही. ज्या माणसांवर ही मुलं आधीच विश्वास ठेवतात त्यांच्याकडे जावं लागतं: रात्रशाळेचे शिक्षक, अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था, वसतिगृहांचे अधीक्षक, कामगार संघटना. सोडतीच्या आधी दोन महिने हे काम सुरू करा. आणि एका प्रकारची एकच व्यक्ती घेऊ नका, निदान दोन घ्या. १६ जणांत चाकाची खुर्ची वापरणारी एकटीच मुलगी असेल तर तिला प्रत्येक वेळी ‘अपंगांच्या वतीने’ बोलावं लागतं. मग ती तिकीटदर किंवा मार्गाबद्दल स्वतःचं मत सांगायला मोकळी राहत नाही.

निवडणूक का नको, असं कुणी विचारेल. निवडणुकीने वजन येतं, हे खरं. स्कॉटलंडची युवा संसद १९९९पासून निवडणुकीवर चालते. पण त्यासाठी मतदारयादी, मतदान केंद्रं आणि सगळीकडे पोचणारी यंत्रणा लागते. ती नसताना निवडणूक घेतली तर सगळ्यात मोठ्या शाळेचे उमेदवार निवडून येतात आणि लहान शाळेतली मुलं पुढच्या वेळी अर्जच करत नाहीत.

मुदत दोन वर्षं ठेवा. पहिल्या तुकडीत अर्ध्यांना एक वर्ष आणि अर्ध्यांना दोन, तेही चिठ्ठीनेच. म्हणजे दरवर्षी आठ जुने आणि आठ नवे असतात. एका वर्षाच्या मुदतीत पहिले चार महिने फेऱ्या, आगार, अनुदान, तूट हे शब्द समजण्यात जातात, आणि काम समजू लागलं की सगळे एकदम निघून जातात. परीक्षेच्या काळासाठी ‘रजा’ ठेवा: एक-दोन बैठका नाही आलं तरी जागा जात नाही. हा नियम नसेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगली मुलं अपराधी वाटून राजीनामे देतात.

पैशाबद्दल: प्रवासखर्च बिल घेऊन नंतर देऊ नका. तुमची तर बससेवाच आहे, पहिल्याच दिवशी पास हातात द्या. ज्याच्या खिशात जायला पैसे नाहीत तो परतावा मिळणार असला तरी येत नाही, आणि न येण्याचं कारणही सांगत नाही. कामाला जाणाऱ्यांचा रोज बुडतो, तेव्हा मोठ्या सदस्यांना बैठकभत्ता असेल तर यांनाही तोच द्या. कामाच्या दिवसाची दुपार रद्द करा. शनिवार किंवा संध्याकाळ घ्या, जागा मोठ्या बसस्थानकाजवळची, आणि बैठक संपायची वेळ सगळ्यात लांब राहणाऱ्या सदस्याच्या शेवटच्या बसवरून ठरवा.

---

उंबरठा

वरच्या दोघांशी सहमत आहे, पण क्रमाबद्दल वेगळं मत. गट काढायच्या आधी एक निर्णय हातात घ्या आणि तीन महिन्यांत तो तडीला न्या. कायमचा गट उभा करायला आठ-नऊ महिने सहज लागतात. तेवढ्यात मान्यता देणारा अधिकारी बदलला तर सगळं घोंगडं भिजत पडतं. एक पूर्ण झालेलं छोटं काम दाखवलं की अधिकारपत्रावर सही मिळवणं सोपं जातं.

सगळ्यात सोयीचं काम म्हणजे थांब्यांची पाहणी. १२ थांबे निवडा. दोघांची जोडी, एकट्याने कधीच नाही. प्रत्येक थांब्याला तीन भेटी: सकाळची गर्दी, दुपार, आणि दिवे लागल्यानंतर. एका भेटीत दिसलेली गोष्ट योगायोग असू शकते, तिन्ही वेळा दिसली तर ती व्यवस्थेची आहे. दहा-बाराच प्रश्न ठेवा, आणि सगळे मोजता येतील असे: वेळापत्रक लावलंय का, ते १.२ ते १.५ मीटर उंचीच्या मधे आहे का, अंधारात वाचता येतं का, बसायला जागा आहे का, छपराखाली किती जण मावतात, लिहिलेली वेळ आणि गाडी प्रत्यक्ष आल्याची वेळ यात किती मिनिटांचा फरक. ‘थांबा चांगला वाटला का?’ असला प्रश्न नको. फोटो फलकांचे आणि जागेचे काढायचे, माणसांचे नाहीत. चालक-वाहकांची नावं किंवा बिल्ला क्रमांक लिहायचे नाहीत. ती तक्रार होते, पाहणी राहत नाही, आणि कर्मचारी पहिल्या दिवसापासून विरोधात जातात.

३६ भेटींची नोंद एका पानावर मांडली की अधिकाऱ्याला ‘हे तुमचं मत झालं’ असं म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे थोडा निधी मुलांच्या हातात देणं. लोकसहभागी अंदाजपत्रकाची पद्धत १९८९मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात सुरू झाली. बॉस्टनने २०१४मध्ये १० लाख डॉलरचा भांडवली निधी १२ ते २५ वर्षांच्या मुलामुलींच्या मतदानावर सोडला. पोर्तुगालने २०१७पासून १४ ते ३० वयासाठी देशपातळीवर असं केलं. पद्धत साधारण सारखी असते: कल्पना मागवायच्या, स्वयंसेवकांनी त्यांचे प्रस्ताव करायचे, खात्याने खर्च आणि अधिकारक्षेत्र तपासायचं, मग मतदान. फसतं ते तपासणीच्या जागी. मतदानानंतर कळतं की जागा दुसऱ्याच खात्याची आहे, किंवा खर्च दुप्पट आहे. म्हणून मतपत्रिकेवर जाणाऱ्या प्रत्येक प्रस्तावावर अभियंत्याची सही आधी हवी.

---

नवी_पाटी

खूपच उपयोगाचं, सगळ्यांचे आभार. आराखडा नव्याने लिहायला घेते. थांब्यांची पाहणी आधी, गट नंतर, हा क्रम पटला. तीन शंका उरल्यात.

१. विधी विभागाचं म्हणणं आहे की १८ खालच्यांना ‘सल्लागार’ म्हणता येणार नाही, त्यांना निरीक्षक म्हणून बसवा.
२. मोठ्यांसमोर मुलं गप्प बसतात आणि दोघे-तिघेच बोलत राहतात, त्यावर काय?
३. संचालक मंडळावर गटाचा एक प्रतिनिधी घ्यायचा प्रस्ताव आहे. चांगला वाटतो, तरी काही खटकतंय.

---

सावलीपाटी

पहिल्या शंकेत दोन गोष्टी मिसळल्यात. करारावर सही करणं, मतदानाने संस्थेला बांधून घेणं, या गोष्टींना बहुतेक कायद्यांत वयाची अट असते. सल्ला देण्याला सहसा नसते, कारण सल्ल्याने कुणी बांधलं जात नाही. विधी विभागाला एवढंच विचारा: कोणत्या कायद्याचं कोणतं कलम आड येतं? लेखी मागा. १९८९च्या बालहक्क कराराचं १२वं कलम स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबतींत ते मांडायचा हक्क देतं, आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन द्यायला सांगतं. त्यात खालची वयोमर्यादा नाही. कराराच्या समितीने २००९मध्ये १२व्या क्रमांकाच्या सर्वसाधारण टिप्पणीत अशी मर्यादा घालू नये, असंही म्हटलं आहे. ‘निरीक्षक’ शब्द मान्य करू नका. निरीक्षकाने बोलायचं नसतं.

१८ खालच्यांबाबत खरी जबाबदारी सुरक्षिततेची आहे आणि तिथे कसूर चालत नाही. पालकांचं संमतिपत्र घ्या, पण मुलाची स्वतःची संमती वेगळ्या कागदावर घ्या. फोटो आणि नाव छापण्याची परवानगी तिसरी, आणि ती नाकारली तरी सदस्यत्वावर परिणाम नाही, असं त्यावर लिहा. प्रत्येक बैठकीला पार्श्वभूमी तपासलेली दोन मोठी माणसं हवीत. कुठलाही अधिकारी मुलाशी एकट्याने खासगी संदेश पाठवून बोलणार नाही, सगळं गटाच्या सामाईक माध्यमावर. आणि एक विचारपूर्वक पाळायची गोष्ट: छेडछाड, भेदभाव, पैशाची ओढाताण यांवर चर्चा असेल तेव्हा कुणालाही ‘तुझा अनुभव सांग’ असं सगळ्यांसमोर म्हणू नका. ‘या मार्गावर लोकांना काय काय अडचणी येतात?’ असं विचारा. ज्याला स्वतःचं सांगायचंय तो सांगेल, बाकीच्यांना आडोसा मिळतो. कुणी गंभीर काही सांगितलंच तर पुढे कुणाकडे जायचं, ते पहिल्या बैठकीआधी ठरलेलं हवं.

दुसरी शंका. मुलं गप्प असतात कारण त्यांना विचार करायला वेळच मिळालेला नसतो. कागद बैठकीच्या सात दिवस आधी, दोन पानांपेक्षा जास्त नाहीत, लघुरूपं एकही नाही. बैठकीत प्रश्न फळ्यावर लिहा आणि तीन मिनिटं सगळ्यांनी नुसतं कागदावर लिहायचं, मोठ्यांनीही. मग जोडीत चार मिनिटं. मग चौघांत. त्यानंतरच सगळ्यांसमोर. अशा क्रमाने गेलं की सगळ्यांसमोर येणारं मत एकट्याचं नसतं, आणि ते मांडताना भीती निम्मी होते. प्राधान्य ठरवताना प्रत्येकाला तीन टिकल्या देऊन यादीवर लावायला सांगतात, ती पद्धत चांगली आहे, पण लावायच्या आधी प्रत्येकाने आपले तीन क्रमांक चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. नाहीतर पहिल्या चार टिकल्या जिथे पडतात तिथेच बाकीच्या पडतात.

९० मिनिटांची विभागणी: पहिली १५ मिनिटं मागच्या सूचनांची उत्तरं, ५० मिनिटं एकच मोठा विषय, १५ मिनिटं मुलांनी स्वतः आणलेला विषय, शेवटी १० मिनिटं ‘कोण काय करणार’. उत्तरं सुरुवातीलाच घ्या. शेवटी ठेवली की वेळ संपतो आणि तीच राहून जातात. अध्यक्ष सदस्यांपैकीच, दर दोन बैठकांनी बदलणारा, आणि त्याच्यासोबत आदल्या दिवशी अर्धा तास विषयपत्रिका वाचणारं कुणीतरी. खोलीत अधिकारी तीनपेक्षा जास्त नकोत. पण त्या तिघांत निर्णय घेणारा एक हवाच. जनसंपर्क विभागाचा माणूस पाठवून भागत नाही.

---

खुली_मतपेटी

तिसऱ्या शंकेत जे खटकतंय ते रास्त आहे. मंडळावर एकच तरुण प्रतिनिधी असेल तर त्याचा फोटो सगळीकडे येतो आणि मत कुठेच लागत नाही. रॉजर हार्ट यांनी १९९२मध्ये युनिसेफसाठी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे हाताळणी, सजावट आणि नाममात्र सहभाग, यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. एकट्या प्रतिनिधीची जागा बहुधा तिसऱ्या पायरीवर असते.

घ्यायचेच तर दोन घ्या, आणि एक पर्यायी. दोघं असली की एक बोलताना दुसरं टिपणं घेतं, आणि बाहेर पडल्यावर नेमकं काय ठरलं यावर दोघांची ताडणी होते. प्रतिनिधी गटाने निवडायचे, व्यवस्थापनाने नाही. मंडळाचे कागद त्यांना बाकीच्यांच्याच वेळी मिळायला हवेत. एखादा विषय गोपनीय म्हणून त्यांना बाहेर बसवायचं असेल तर तसं इतिवृत्तात कारणासह नोंदवायचं. आणि ती दोघं गटाच्या ठरावाला बांधलेली आहेत की स्वतःच्या बुद्धीने बोलू शकतात, हे आधी लिहून ठेवा. हे न ठरवल्यामुळे गटातच भांडणं लागतात: ‘आम्ही हे सांगितलंच नव्हतं.’

युरोप परिषदेच्या युवा विभागात याच्या पुढची पद्धत आहे. तिथे सरकारांचे प्रतिनिधी आणि युवा संघटनांचे प्रतिनिधी एकाच संयुक्त मंडळात बसून कार्यक्रम आणि निधीचा प्राधान्यक्रम ठरवतात. त्याला ते सहव्यवस्थापन म्हणतात. तुम्हाला लगेच तिथवर जाता येणार नाही, पण थोड्याशा निधीपुरतं, म्हणजे थांब्यांच्या सुधारणेच्या तरतुदीपुरतं, तसं करून बघता येईल.

राजकारणाचा मुद्दाही टाळू नका. सल्लागार गट मताला पर्याय नसतो. मतदाराला नाकारणाऱ्याला किंमत मोजावी लागते, सल्लागाराला नाकारणाऱ्याला लागेलच असं नाही. म्हणून काही देशांनी मताचं वय खाली आणलं: ब्राझीलमध्ये १९८८च्या राज्यघटनेने १६-१७ वयाच्यांना ऐच्छिक मताधिकार दिला, ऑस्ट्रियाने २००७मध्ये, अर्जेंटिनाने २०१२मध्ये, माल्टाने २०१८मध्ये. स्कॉटलंडमध्ये २०१४च्या सार्वमतात १६ वर्षांच्यांनी मत दिलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेच्या निवडणुकीसाठीही ते वय कायम झालं. उमेदवारीचं वय हा आणखी वेगळा अडसर. नायजेरियात तरुणांच्या मोहिमेनंतर २०१८मध्ये घटनादुरुस्ती होऊन प्रतिनिधिगृहासाठी ते ३० वरून २५ आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी ४० वरून ३५ झालं.

हे सांगायचं कारण असं की तुमच्या गटातली मुलं कधी ना कधी विचारणारच: भाडं ठरवणाऱ्या लोकप्रतिनिधीकडे आम्ही थेट का जाऊ नये? त्यांना अडवू नका. अधिकारपत्रात लिहा की सदस्य म्हणून मिळालेली गोपनीय माहिती सोडून बाकी कशावरही ते जाहीरपणे बोलू शकतात, पक्षात काम करू शकतात, निवेदन देऊ शकतात. फक्त गटाचं नाव कुठल्या पक्षाच्या व्यासपीठावर वापरायचं नाही, आणि गटाच्या बैठकीचं निमंत्रण एका पक्षाच्या माणसाला द्यायचं तर सगळ्यांना द्यायचं. तोंड बंद ठेवायच्या अटीवर मिळालेली खुर्ची मुलांनी का स्वीकारावी?

---

सभापटल

उत्तरांच्या तक्त्याबद्दल लिहायचं राहिलं होतं, ते जोडतो.

रकाने सात: सूचना क्रमांक, सूचना गटाच्याच शब्दांत, उत्तर देणारं पद, उत्तराची शेवटची तारीख, निर्णय, कारण, काम पूर्ण झाल्याची तारीख. ‘गटाच्याच शब्दांत’ यावर ठाम राहा. ‘रात्री नऊनंतर दर ४० मिनिटांनी तरी गाडी हवी’ ही सूचना कार्यालयीन भाषेत जाऊन ‘सायंकालीन सेवा सुधारणेबाबत’ होते, आणि तिचं उत्तर मग काहीही देता येतं.

निर्णयाच्या रकान्यात तीनच शब्द चालतील: मान्य, अंशतः मान्य, अमान्य. ‘नोंद घेतली’, ‘विचाराधीन’, ‘योग्य ती कार्यवाही’ हे शब्द बाद. आणखी वेळ हवा असेल तर एकदाच नवी तारीख द्यायची, तीही कारणासह. अमान्य असेल तर कारण असं हवं की त्यावर पुढे बोलता येईल. ‘निधी नाही’ हे अपुरं. ‘एक जादा गाडी आणि दोन पाळ्यांचे कर्मचारी लागतील, या वर्षीच्या तरतुदीत ते बसत नाहीत, पुढच्या अंदाजपत्रकाचा मसुदा अमुक महिन्यात लिहिला जाईल’ हे पुरेसं. असा नकार मिळाला तर मुलं निराश होत नाहीत, त्या महिन्याची तयारी करतात. गट तुटतो तो मौनामुळे.

तक्ता जाहीर ठेवा, संकेतस्थळावर आणि पासच्या खिडकीजवळच्या फलकावरही. वर्षभराने मोजायचं तर ‘किती सूचना मान्य झाल्या’ एवढंच मोजू नका, कारण मग व्यवस्थापन सोप्या सूचनांनाच होकार देतं. उत्तर सरासरी किती दिवसांत आलं, किती कामं प्रत्यक्ष पूर्ण झाली, आणि गटातून कोण गळलं, हे तीन आकडे काढा. गळणारे सगळे कामाला जाणारे किंवा लांब राहणारे निघाले तर बैठकीची वेळ किंवा जागा चुकलेली आहे. ती त्याच महिन्यात बदला, वर्ष संपायची वाट पाहू नका.

आणि मान्य झालेलं पहिलं काम ९० दिवसांत पूर्ण होईल इतकं लहान निवडा. दोन थांब्यांवर वाचता येईल असं वेळापत्रक, योग्य उंचीवर, दिव्याखाली. खाली छोट्या अक्षरांत सूचना क्रमांक टाका.